एका छपराखालच्या दोन मंडळ्या

एडिंबरा शहरातल्या ग्रेफ्रायर्स चर्चच्या मधोमध दोनशे वर्षांहून अधिक काळ एक भिंत उभी होती. भिंतीच्या पूर्वेला एक मंडळी उपासनेला बसायची, पश्चिमेला दुसरी. दोघींचे पाळक वेगळे, वडील वेगळे, कारभाराच्या वह्या वेगळ्या. छप्पर तेवढं एकाला एक लागून. भावाभावांत वाटण्या झाल्या की वाड्याच्या ओसरीत मधोमध कूड घालतात, तसाच प्रकार. पण इथे भांडण झालेलंच नव्हतं. भिंत आली ती बंदुकीच्या दारूमुळे आणि नगरपालिकेच्या काटकसरीमुळे. जी भांडणं खरोखर झाली, त्यांसाठी भिंत पुरली नाही. माणसं चर्चच सोडून गेली.

आज या चर्चकडे पर्यटकांची रीघ लागते ती एका कुत्र्यामुळे. 'ग्रेफ्रायर्स बॉबी' नावाचा हा कुत्रा मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं बसून राहिला म्हणतात. १८७२ साली तो मेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. शहराच्या नगराध्यक्षाने त्याच्या परवान्याचे पैसे भरले, सिनेमे निघाले, आणि हा बॉबी म्हणजे एकामागून एक आलेले दोन कुत्रे असावेत असं एका संशोधकाने अलीकडे मांडलं. कुत्र्याबद्दल मला आकस नाही. पण त्याच्यामागच्या दगडी इमारतीत साडेतीनशे वर्षं जी माणसं भांडली, एकत्र बसली, उठून गेली आणि परत आली, त्यांची गोष्ट बॉबीपेक्षा फार मोठी आहे. तिचा एक धागा तर थेट आपल्या बाणकोट-हर्णैपर्यंत येतो.

सुरुवात स्मशानापासून आहे. ग्रासमार्केट या बाजारपेठेच्या वरच्या अंगाला करड्या झग्याच्या फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. १५६० च्या सुमारास स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं, त्या धर्मसुधारणेच्या धामधुमीत मठ उद्ध्वस्त झाला. शहराच्या मुख्य चर्चचं, सेंट जाइल्सचं, दफनाचं आवार तोवर भरून वाहत होतं. १५६२ साली मेरी राणीने मठाची बाग नगरपालिकेला दफनभूमीसाठी देऊन टाकली. राणी स्वतः कट्टर कॅथलिक, आणि नगरपालिका प्रॉटेस्टंट. मेलेल्यांची सोय पाहताना दोघांनीही धर्म आड येऊ दिला नाही.

चर्च त्यानंतर चाळीस वर्षांनी सुचलं. १६०२ मध्ये काम हाती घेतलं, तेही सिएनाच्या संत कॅथरिनच्या नावाने असलेल्या जोगिणींच्या मठाचे दगड आणून. पैसा कधी असे, कधी नसे. इमारत उभी राहायला अठरा वर्षं लागली. धर्मसुधारणेनंतर एडिंबरात नव्याने बांधलेलं हे पहिलंच चर्च. १६२० च्या २५ डिसेंबरला इथे पहिली उपासना झाली. तारीख वाचून नाताळचा मुहूर्त साधला असं आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या स्कॉटिश प्रॉटेस्टंटांना नाताळ हे पोपचं थेर वाटे. नाताळ पाळा आणि प्रभुभोजन गुडघे टेकून घ्या, हा आग्रह राजा जेम्सचा होता आणि दोनच वर्षांपूर्वी तो चर्चच्या गळी उतरवला गेला होता. गुडघे टेकायचे की नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. या चर्चमध्ये ती पुन्हा निघणार आहे.

स्कॉटिश चर्चची घडण समजल्याशिवाय पुढचे वाद कळणार नाहीत. प्रेस्बिटेरियन पंथात प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि मंडळीतून निवडलेले वडील मिळून पाहतात. या बैठकीला 'कर्क सेशन' म्हणतात. तिच्यावर त्या भागातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, आणि सर्वांत वर वर्षातून एकदा भरणारी जनरल असेंब्ली. या चौकटीत बिशप बसत नाही. राजांना मात्र बिशप हवे असत, कारण बिशप राजा नेमतो आणि नेमलेला माणूस ऐकतो. सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जे रक्त सांडलं, त्याच्या मुळाशी हा साधा हिशेब होता.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स बापापेक्षा हट्टी निघाला. त्याने स्कॉटिश चर्चवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं. २३ जुलै १६३७ रोजी सेंट जाइल्समध्ये ते वाचायला घेतलं तेव्हा दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने बसायचं स्टूल वाचणाऱ्याच्या दिशेने भिरकावलं अशी आख्यायिका आहे. ग्रेफ्रायर्समध्येही त्या दिवशी वाचन धड झालं नाही. पुढचे सात महिने अर्ज, सभा, शिष्टमंडळं यांत गेले. अखेर आर्चिबाल्ड जॉन्स्टन हा वकील आणि अलेक्झांडर हेंडरसन हा पाळक या दोघांनी एक करारनामा लिहून काढला. हाच नॅशनल कव्हेनंट.

२८ फेब्रुवारी १६३८ रोजी दुपारी ग्रेफ्रायर्समध्ये सरदार आणि जमीनदार जमले. हेंडरसनने प्रार्थना केली, जॉन्स्टनने चामड्यावर लिहिलेला तो लांबलचक मजकूर वाचून दाखवला, आणि मग सह्या सुरू झाल्या त्या रात्रीपर्यंत चालल्या. मजकूर वाचला तर वकिलाचा हात जागोजाग दिसतो. पहिल्या भागात १५८१ चं जुनं श्रद्धापत्र जसंच्या तसं, दुसऱ्यात संसदेच्या कायद्यांची जंत्री, आणि तिसऱ्यात नवी शपथ. राजाविरुद्ध बंड पुकारणारा हा कागद राजनिष्ठेचीही शपथ घेतो. आम्ही नवं काही मागत नाही, तुमच्याच बापाचे कायदे तुम्हाला दाखवतो, असा त्याचा पवित्रा. रक्ताने केलेल्या सह्या आणि आवारातल्या थडग्यावर पसरलेला कागद ही चित्रं नंतरच्या चित्रकारांनी लोकांच्या मनावर ठसवली. सह्या आत चर्चमध्ये झाल्या. दुसऱ्या दिवशी पाळकांनी सह्या केल्या त्या काऊगेट रस्त्यावरच्या शिंप्यांच्या सभागृहात, आणि मग सामान्य लोकांची पाळी आली. गावोगावी प्रती पाठवल्या गेल्या. त्यांतली एक आजही ग्रेफ्रायर्समध्ये काचेआड पाहायला मिळते.

इथवर कोणाच्याही अंगावर मूठभर मांस चढावं. पण दोनच वर्षांत या करारावर सही करणं सक्तीचं झालं. राजाने आपल्या विवेकावर जबरदस्ती करू नये म्हणून ज्यांनी लेखणी उचलली, त्यांनी ती इतरांच्या हातात बळेच दिली. स्कॉटिश लेखक या भागावरून बरेचदा घाईने पुढे जातात. मला तो कव्हेनंटइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलची फौज एडिंबरात शिरली आणि ग्रेफ्रायर्सची बराक झाली. शिपायांनी बाकं, व्यासपीठ, हाती लागेल ते लाकूड मोडून टाकलं. क्रॉमवेल गेला, दुसरा चार्ल्स आला, त्याने पुन्हा बिशप नेमले आणि कव्हेनंट बेकायदा ठरवला. नैऋत्य स्कॉटलंडमधले शेतकरी माळरानावर चोरून उपासना करू लागले, बायबलबरोबर तलवारही नेऊ लागले. २२ जून १६७९ रोजी बॉथवेल ब्रिगच्या लढाईत ते मोडले. सुमारे बाराशे कैदी एडिंबराला आणले गेले. एवढे लोक तुरुंगात मावेनात, म्हणून त्यांना ग्रेफ्रायर्सच्या आवाराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत कोंडलं. डोक्यावर छप्पर नाही, खायला दिवसाकाठी पावाचा तुकडा, आणि भोवती पहारा. पुन्हा शस्त्र धरणार नाही असं लिहून दिलं की सुटका. बहुतेकांनी लिहून दिलं. काही मेले, काही पळाले. नोव्हेंबरपर्यंत उरलेल्या अडीचशेवर लोकांना गुलामासारखं राबवण्यासाठी वसाहतींकडे धाडायचं ठरलं आणि 'क्राउन' नावाच्या जहाजात भरलं. १० डिसेंबरला ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर डीअरनेसजवळ ते खडकावर आपटून फुटलं. कैदी खाली कोंडलेले होते. सुमारे दोनशे बुडाले.

ज्या आवाराशेजारी एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या सह्यांची शाई सांडली होती, तिथेच त्या सह्यांना जागणारे कोंडले गेले. आणि त्यांच्यावर खटले चालवणारा सरकारी वकील सर जॉर्ज मॅकेंझी १६९१ मध्ये वारला, तेव्हा त्यालाही याच आवारात, त्या कैदखान्यापासून हाकेच्या अंतरावर, घुमटाच्या देखण्या समाधीत पुरलं. लोक त्याला 'रक्तपिपासू मॅकेंझी' म्हणत. अंधार पडल्यावर त्या समाधीच्या दारापाशी जाऊन, हिंमत असेल तर बाहेर ये, असं ओरडून धूम ठोकायची, ही शेजारच्या पोरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पैज. हाच माणूस वकिलांच्या ग्रंथालयाचा संस्थापक, आणि त्या ग्रंथालयातूनच आजचं स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं. काही अंतरावर, आवाराच्या दुसऱ्या भिंतीला, १७०६ मध्ये हुतात्म्यांचं स्मारक बसवलं गेलं. मारणारे आणि मेलेले, दोघांचीही व्यवस्था एकाच कुंपणात लागली.

१६८९ नंतर बिशप कायमचे गेले, प्रेस्बिटेरियन पद्धत पक्की झाली, आणि ग्रेफ्रायर्सला थोडी उसंत मिळाली. तेवढ्यात तो स्फोट झाला. चर्चच्या पश्चिम टोकाच्या मनोऱ्यात नगरपालिकेने बंदुकीची दारू साठवून ठेवली होती. उपासनेच्या जागी दारूगोळा का, असं विचारू नये. भक्कम दगडी भिंती आणि कुलूप असलेली जागा फुकट मिळत असेल तर कुठलीही नगरपालिका हेच करील. ७ मे १७१८ रोजी दारूने पेट घेतला. मनोरा उडाला, पश्चिमेची बाजू ढासळली. आता काय करायचं? शहर वाढत होतं, एका नव्या चर्चची गरज होतीच. मग उरलेल्या पूर्वेच्या भागाला भिंत घालून तो बंद केला, आणि भिंतीला पाठ लावून पश्चिमेकडे अलेक्झांडर मॅकगिल या वास्तुकाराकडून दुसरं चर्च बांधून घेतलं. १७२२ च्या सुमारास दोन मंडळ्या नांदू लागल्या: ओल्ड ग्रेफ्रायर्स आणि न्यू ग्रेफ्रायर्स.

आणि मग या जुन्या अर्ध्या भागात अशी एक जोडी आली, की तिच्यासाठी मी हा सगळा इतिहास वाचला असं म्हटलं तरी चालेल.

विल्यम रॉबर्टसन १७६१ मध्ये ओल्ड ग्रेफ्रायर्सचे पाळक झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठाचे प्राचार्य. स्कॉटलंडचा, सम्राट पाचव्या चार्ल्सचा आणि अमेरिकेचा इतिहास लिहून त्यांनी युरोपभर नाव कमावलं. ह्यूम आणि गिबन यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घेतलं जाई. चर्चमध्ये ते 'मॉडरेट' म्हणजे मवाळ पक्षाचे पुढारी: धर्म सभ्य असावा, विद्येशी त्याचं वैर नसावं, आणि पाळक नेमण्याचा कायद्याने दिलेला आश्रयदात्याचा हक्क मानावा. १७६७ मध्ये त्यांचे सहपाळक म्हणून जॉन अर्स्किन आले. ते विरुद्ध पक्षाचे, म्हणजे इव्हँजेलिकलांचे, पुढारी. मंडळीवर तिच्या मर्जीविरुद्ध पाळक लादू नये आणि प्रवचनात पापमुक्तीचा संदेश खणखणीत असावा, असं मानणारे. दोघे विद्यार्थिदशेपासूनचे सोबती. व्हाइटफील्ड या गाजलेल्या इंग्रज प्रवचनकारावरून त्या वयात दोघांत असा खटका उडाला होता की त्यांचं वादमंडळच मोडलं. आता दोघांच्या वाट्याला एकच व्यासपीठ आलं.

जनरल असेंब्लीत ते समोरासमोर उभे राहत आणि रविवारी त्याच मंडळीसमोर पाळीपाळीने प्रवचन करीत. १७७८-७९ मध्ये कॅथलिकांवरचे निर्बंध सैल करण्याचा प्रश्न निघाला. रॉबर्टसन बाजूने, अर्स्किन विरोधात. एडिंबरात दंगल झाली, कॅथलिकांचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं, जमाव रॉबर्टसनांच्या घरावर चालून गेला आणि घराला फौजेचं संरक्षण द्यावं लागलं. अर्स्किनांचं मत या प्रश्नावर चूक होतं असं मला वाटतं, आणि आज बहुतेकांना वाटेल. पण सहपाळकी मोडली नाही. सव्वीस वर्षं ती चालली, १७९३ मध्ये रॉबर्टसन वारले तोवर. त्यांच्या मृत्यूनंतरचं प्रवचन अर्स्किन यांनी केलं. १८०३ मध्ये अर्स्किनही गेले, आणि दोघेही याच आवारात पुरले गेले.

त्यांच्या मंडळीत एका वकिलाचं कुटुंब बसायचं. त्या घरचा लंगडा मुलगा म्हणजे वॉल्टर स्कॉट. १८१५ च्या 'गाय मॅनरिंग' या कादंबरीत त्याने त्या आठवणी वापरल्या आहेत. हिंदुस्थानातून परतलेला एक कर्नल एडिंबराला येतो आणि त्या प्रसिद्ध इतिहासकाराला ऐकायला म्हणून ग्रेफ्रायर्समध्ये जातो. व्यासपीठावर मात्र त्या दिवशी सहपाळकाची पाळी असते. अंगात झगा नाही, काळ्या टोपावर पावडरीचा कण नाही, गळपट्टी चुरगळलेली, आणि दोन्ही हात व्यासपीठाच्या कडांवर टेकलेले, जणू त्यांच्याच आधाराने उभे. कर्नलला वाटतं, हा काय बोलणार? मग प्रवचन रंगत जातं. स्कॉटने हे चित्र काल्पनिक कथेत घातलं असलं तरी ते अर्स्किनांचं आहे, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. बाहेर पडताना कर्नलला सोबतचा वकील सांगतो की हे दोघे विरोधी पक्षांचे पुढारी असूनही त्यांच्यातला परस्पर आदर कधी कमी झाला नाही. ग्रेफ्रायर्सच्याच आवारात पावसात एका मुलीवर छत्री धरून तरुण स्कॉट प्रेमात पडला होता. तिने पुढे दुसऱ्याशी लग्न केलं. असो.

रॉबर्टसन आणि अर्स्किन या दोघांचाही हिंदुस्थानशी संबंध आहे आणि तो दोन वेगळ्या दिशांनी येतो. रॉबर्टसनांचं शेवटचं पुस्तक १७९१ सालचं, प्राचीनांना हिंदुस्थानची किती माहिती होती या विषयावरचं. त्याच्या परिशिष्टात इथले कायदे, विद्या, कारागिरी यांच्याबद्दल आदराने लिहिलं आहे आणि घारापुरी व साष्टीच्या लेण्यांचीही दखल घेतली आहे. त्यांनी स्वतः हिंदुस्थान पाहिला नव्हता. हाती आलेली प्रवासवर्णनं आणि भाषांतरं यांच्यावर सगळा डोलारा. तरीही ज्यांच्यावर कंपनी राज्य करते आहे ते लोक सुसंस्कृत आहेत हे आपल्या देशबांधवांना बजावणं, हा त्यांचा हेतू स्पष्ट आहे. त्या काळी असं लिहिणारे युरोपीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

अर्स्किनांची दिशा धर्मप्रसाराची. १७९६ च्या जनरल असेंब्लीत परदेशी मिशन काढावं असा प्रस्ताव आला. मवाळांपैकी एकाने तर्क लढवला: आधी माणसं सुधारू द्या, शिकू द्या, मग धर्म. पंचाहत्तरीचे अर्स्किन उठले आणि खास स्कॉटिश बोलीत अध्यक्षांना म्हणाले, ते बायबल जरा इकडे द्या बघू. मग सेंट पॉल अडाणी बेटकऱ्यांशी कसा वागला ते त्यांनी त्यातूनच वाचून दाखवलं. प्रस्ताव पडला. पण त्याच वर्षी एडिंबरात एक स्वतंत्र मिशनरी संस्था निघाली. तीच पुढे स्कॉटिश मिशनरी सोसायटी झाली, आणि १८२३ मध्ये तिची माणसं मुंबईत उतरून कोकणात बाणकोटला गेली, मग हर्णैला. जॉन स्टीव्हन्सन, ज्यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते याच संस्थेचे. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सनही. धर्मांतरं मोजकीच झाली. शाळा मात्र टिकल्या.

एकोणिसाव्या शतकात तो सव्वीस वर्षांचा समतोल कोणाला जमला नाही. पाळक नेमण्याचा हक्क कोणाचा, आश्रयदात्याचा की मंडळीचा, हाच जुना प्रश्न न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मंडळीविरुद्ध निकाल दिले. या काळात ओल्ड ग्रेफ्रायर्सला थॉमस गथ्री नावाचा खेड्यातून आलेला धिप्पाड पाळक लाभला होता. १८३७ मध्ये तो रुजू झाला. त्याच्या मंडळीची हद्द म्हणजे काऊगेटची गल्ली: सात-आठ मजली अंधाऱ्या चाळी, ओला कोंदट वास, दारूचे गुत्ते आणि अनवाणी पोरं. नव्या पुलावर उभा राहून तो खाली हे सगळं खिन्नपणे पाहत असताना थॉमस चाल्मर्स या ज्येष्ठ पाळकाने मागून खांद्यावर हात ठेवला आणि उत्साहाने म्हटलं, काम करायला शेत तर झकास मिळालंय! गथ्रीने ते शेत नांगरलं. १८४७ मध्ये त्याने रस्त्यावरच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा सगळ्या ब्रिटनमध्ये गाजल्या. तोवर त्याने ग्रेफ्रायर्स सोडलं होतं आणि राष्ट्रीय चर्चही.

१८ मे १८४३ रोजी जनरल असेंब्लीतून पाळकांचा एक जथा उठला आणि रस्त्याने चालत दुसऱ्या सभागृहात गेला. सुमारे बाराशेंपैकी ४७४ पाळकांनी पगार, घर आणि चर्च यांच्यावर पाणी सोडलं आणि चाल्मर्सच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च स्थापलं. ओल्ड ग्रेफ्रायर्सचे पाळक जॉन सिम त्यांच्याबरोबर गेले, मंडळीतलीही बरीच माणसं गेली, आणि 'फ्री ग्रेफ्रायर्स' नावाची तिसरीच मंडळी उभी राहिली. ही फूट मुंबईलाही पोचली. विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चकडे गेले, म्हणून शाळेची इमारत जुन्या चर्चला देऊन त्यांना नव्याने मांडणी करावी लागली. ज्या फ्री चर्चच्या शाळेत 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी शिकले, ती अशी एडिंबरातल्या भांडणातून जन्माला आली. तिचाच वंश म्हणजे आजचं चौपाटीवरचं विल्सन कॉलेज.

मागे उरलेल्या ओल्ड ग्रेफ्रायर्सचं दैव अजून सरलं नव्हतं. १९ जानेवारी १८४५, रविवारची सकाळ. इमारत तापवणाऱ्या भट्टीचं धुराडं जास्त तापलं आणि आग लागली. पूर्वेचं चर्च आतून जळून खाक झालं. पश्चिमेचं भिंतीच्या कृपेने निदान दुरुस्त होण्याजोगं राहिलं. जळालेला भाग पुन्हा उघडायला १८५७ उजाडलं. या मधल्या काळात तिथले पाळक होते रॉबर्ट ली, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

स्कॉटिश उपासना तोवर कशी असे? खिडक्यांना साध्या काचा. वाद्य नाही. एक जण पुढे उभा राहून स्तोत्राची चाल लावून देई आणि मंडळी बसून गाई. प्रार्थनेला मात्र उभं राहायचं, आणि पाळकाने ती उत्स्फूर्त म्हणायची. कधीकधी अर्धा तास. ली यांनी सगळं उलटं केलं. गायला उभे राहा, प्रार्थनेला गुडघे टेका. प्रार्थना छापून काढल्या आणि वाचून म्हटल्या. नव्या खिडक्यांत रंगीत काचा बसवल्या. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चच्या इमारतीत आलेल्या या पहिल्याच. १८६३ मध्ये हार्मोनियम आणली, १८६५ मध्ये ऑर्गन. ज्या इमारतीत छापील प्रार्थनापुस्तक आणि टेकलेले गुडघे यांच्याविरुद्ध देश पेटला होता, तिथेच आता पाळक स्वतः ही दोन्ही आणत होता. फरक महत्त्वाचा आहे: या वेळी राजाचा हुकूम नव्हता, आणि मंडळी त्यांच्या पाठीशी होती. १८५९ मध्ये जनरल असेंब्लीने पुस्तकातून प्रार्थना वाचायला मनाई केली. वाद वर्षानुवर्षं चालला. १८६७ मध्ये प्रकरण पुन्हा असेंब्लीसमोर यायच्या सुमारास ली यांना झटका आला आणि १८६८ मध्ये ते वारले. निकाल लागायचा राहिला तो राहिलाच. पंचवीस-तीस वर्षांत स्कॉटलंडच्या बहुतेक चर्चमध्ये ऑर्गन वाजू लागले.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. आश्रयदात्याचा हक्क १८७४ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्याच्यासाठी ४७४ जणांनी घरं सोडली तो मुद्दाच उरला नाही. तरी जखम भरायला १९२९ साल लागलं. त्या वर्षी फ्री चर्चमधून आलेला मोठा प्रवाह राष्ट्रीय चर्चला पुन्हा मिळाला. त्याच वर्षी ओल्ड आणि न्यू ग्रेफ्रायर्सनेही एक व्हायचं ठरवलं. जुन्या शहरातली वस्ती उपनगरांत गेली होती, दोन पाळक पोसणं परवडत नव्हतं. एकीकरणामागे बंधुभावाइतकाच हा व्यवहारही होता. १९३० च्या दशकात हेन्री केर या वास्तुकाराच्या देखरेखीखाली मधली भिंत पाडली आणि सगळी इमारत एक केली.

त्यानंतरही मंडळ्या येऊन मिळतच राहिल्या. १९७९ मध्ये कॅसलहिलवरची हायलंड टोलबूथ सेंट जॉन्स ही मंडळी इथे आली, आणि तिच्याबरोबर गॅलिक भाषा आली. डोंगराळ उत्तरेतून पोटासाठी एडिंबराला आलेले पहारेकरी, हमाल, मोलकरणी यांच्यासाठी अठराव्या शतकात निघालेल्या गॅलिक उपासनेची परंपरा या मंडळीने जपली होती. अशाच पहारेकऱ्यांपैकी एक डंकन बान मॅकिंटायर, गॅलिकमधला थोर कवी. लिहिता-वाचता येत नसतानाही हजारो ओळी तोंडपाठ असलेला. तो १८१२ मध्ये वारला आणि ग्रेफ्रायर्सच्याच आवारात पुरला गेला होता. त्याची भाषा चर्चच्या आत यायला आणखी १६७ वर्षं लागली.

एडिंबराला जाणं झालं तर कुत्र्याचा फोटो जरूर काढा, पण रविवारी जा आणि आत बसा. इंग्रजीतली उपासना आटोपल्यावर त्याच बाकांवर गॅलिक उपासना होते, आणि तिथे स्तोत्रं अजून जुन्या रीतीने, वाद्याशिवाय, बसूनच गातात.